त्याच हातपंपाचे पाणी





सेवाकार्यातील नम्रता या विषयावर मी चार ओळी लिहाव्यात असे या अंकासाठी सुचवण्यात आले. विषय ऐकताच मला तीन वर्षांपूर्वी याच त्रैमासिकात छापून आलेला माझा स्वतःचा लेख आठवला. त्या लेखात एक मोठी दुरुस्ती करायची राहून गेली आहे. ती केल्याशिवाय नम्रतेवर काही लिहिण्याचा मला अधिकार नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

मी रायगड जिल्ह्यातील एका कातकरवाडीवर आरोग्यसेविका म्हणून जाते. आठवड्यातून दोन दिवस. ताप, जुलाब, खरूज यांवर औषध देणे, गरोदर बायांची तपासणी, लहान मुलांची वजने घेणे हे माझे काम. औषध देताना कोण कोणत्या देवाला मानतो हे आम्ही विचारत नाही. त्या लेखात मी वाडीची ओळख करून दिली होती. हे लोक उंदीर खातात, मुलांना शाळेत पाठवत नाहीत, हातात पैसा आला की दारूत घालवतात, उद्याचा विचार करत नाहीत, असे मी लिहिले होते. शेवटी, अशा अंधारात राहणाऱ्या या अज्ञानी बांधवांसाठी प्रार्थना करा आणि सढळ हाताने दान द्या, अशी विनंती होती. सोबत एका शेंबड्या, उघड्या मुलाचा फोटो होता. आपण सर्वांनी भरभरून मदत पाठवली. मला अनेकांनी शाबासकीही दिली.

ओट्यावरचे वाचन

वाडीतला एक तरुण आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेला आहे. औषधांच्या खोक्यात तळाला घातलेला तो अंक त्याच्या हाती लागला. एका दुपारी मी वाडीवर पोहोचले तेव्हा तो एका ओट्यावर बसून माझा लेख मोठ्याने वाचत होता. आजूबाजूला दहाबारा माणसे बसली होती. ज्याचा फोटो छापला होता त्या मुलाची आईही होती. मला पाहून तो थांबला नाही. शेवटच्या ओळीपर्यंत वाचले, अंक मिटला आणि म्हणाला, "ताई, यात खोटं फार नाही. पण खरं अर्धंच लिवलंय."

मी काहीतरी सारवासारव करू लागले. मदत मिळावी म्हणून असे लिहावे लागते, असे काहीतरी म्हणाले. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली एक आजी म्हणाली, "तिला कसं कळंल रं बाबा? ती आपल्याकडचं पाणी बी पीत नाय."

कोणी रागावले नव्हते. आजीने तर हे अगदी सहज सांगितले, जसे आज ऊन फार आहे असे सांगावे. पण मला उत्तर देता येईना. खरोखरच तोपर्यंत पाच वर्षांत मी त्या वाडीत एकदाही पाणी प्याले नव्हते. पाण्याची बाटली घरून नेत असे. कोणी तांब्या पुढे केला की म्हणत असे, "नको हो, आत्ताच प्याले." मनात कारण तयार होते: मी नर्स आहे, न उकळलेले पाणी पिणे बरे नाही.

परतताना नेहमीप्रमाणे खालच्या गावात एका बागायतदाराच्या घरी थांबले. त्यांच्या सूनबाईंनी पाणी आणून दिले. अर्धा पेला संपल्यावर माझा हात थांबला. हे पाणी कुठले, असे मी विचारले. "आपल्या हातपंपाचंच की," त्या म्हणाल्या. गावाच्या वेशीवर एकच हातपंप आहे. उन्हाळ्यात वाडीच्या बायाही त्याच पंपावरून हंडे भरून चढावर नेतात. म्हणजे पाणी तेच होते, उकळलेले दोन्हीकडे नव्हते. एका घरी मी पाच वर्षे ते बिनघोर पीत होते, दुसऱ्या घरी नाकारत होते. माझे वैद्यकीय कारण त्या अर्ध्या पेल्यात विरघळून गेले.

मी कोणाची नात

हे लिहिताना मला दुसरी एक गोष्ट लपवता येत नाही. माझे घराणे अहिल्यानगरकडचे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये तिथे काम सुरू केले, आणि पुढे त्या भागातल्या अनेक अस्पृश्य मानलेल्या कुटुंबांप्रमाणे आमचे कुटुंबही मंडळीत आले. माझ्या आजोबांना लहानपणी गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नसे. काठावर उभे राहून कोणी ओंजळीत वरून पाणी ओतले तर प्यायचे. ही हकिकत मी लहानपणी कितीदा तरी ऐकली. प्रत्येक वेळी मला राग यायचा. ज्यांनी तसे वागवले त्यांना देव कसा क्षमा करील, असेही वाटायचे.

आणि त्याच आजोबांची नात एका आजीचा तांब्या पाच वर्षे परत करत होती. गळ्यात क्रूस होता, पिशवीत पवित्र शास्त्र होते.

यातून मी एक गोष्ट शिकले. ज्याने अपमान सोसला तो आपोआप नम्र होत नाही. उतरंडीतल्या मडक्यासारखे आपण वरच्याचे ओझे सोसतो आणि खालच्यावर टेकतो. सेवेचे काम पत्करल्यानेही पूर्वग्रह जात नाही. उलट सेवेत त्याला लपायला चांगल्या जागा मिळतात. कधी तो स्वच्छतेचे नाव घेतो, कधी दयेचे, कधी "मला वेळ नाही" असे म्हणतो. दया हे नाव तर फारच सोयीचे आहे, कारण दया करणारा कायम देणाऱ्याच्या जागी राहतो. त्याला समोरच्याकडून काही घ्यावे लागत नाही.

प्रभूने आधी पाणी मागितले

त्या रात्री मी योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय उघडला. लहानपणापासून पाठ असलेली गोष्ट. प्रभू येशू थकून सूखार गावाजवळच्या विहिरीवर बसला आहे, भर दुपार आहे, आणि एक शोमरोनी स्त्री पाणी भरायला येते. आम्ही प्रवचनात नेहमी जिवंत पाण्याच्या वचनाकडे धाव घेतो. पण गोष्ट तिथे सुरू होत नाही. सुरुवातीला प्रभू तिच्याकडे पिण्यासाठी पाणी मागतो. यहूदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. त्याच्याजवळ काढणे नव्हते, म्हणजे तिच्याच भांड्याने पाणी घ्यावे लागणार होते. ती स्वतःही चकित होऊन विचारते की यहूदी असून तू माझ्याकडे पाणी कसे मागतोस.

देण्याआधी त्याने मागितले. तिच्याजवळ आपल्याला हवे असलेले काही आहे हे त्याने तिला कळू दिले. पुढे त्या गावच्या लोकांनी आग्रह केला तेव्हा तो तिथे दोन दिवस राहिला. दोन दिवस राहणे म्हणजे त्यांच्या घरी जेवणे, त्यांच्या अंथरुणावर झोपणे. शिष्यांना तो मुक्काम किती अवघड गेला असेल, हे मला आता थोडेफार समजते.

पेत्राची गोष्टही मला नव्याने दिसली. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात, यापो येथे, त्याला दृष्टान्त होतो. आकाशातून मोठ्या चादरीसारखे काही उतरते, त्यात सर्व प्रकारचे पशू, सरपटणारे प्राणी आणि पक्षी आहेत, आणि मारून खा अशी वाणी होते. पेत्र नकार देतो. असे तीनदा घडते. लक्षात घ्या, हा पेत्र प्रभूबरोबर राहिलेला आहे, पन्नासाव्या दिवशी त्याने हजारोंपुढे उपदेश केला आहे. त्या वेळी तो कातडे कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी उतरलेला आहे, म्हणजे काही बंधने त्याने मागे टाकलीही असतील. तरी परराष्ट्रीयाच्या उंबरठ्याशी त्याचे पाऊल अडते. देवाला कर्नेल्य शताधिपतीचे मन तयार करावे लागले, तसेच आपल्या प्रेषिताचेही करावे लागले. मग पेत्र कैसरियाला जातो, त्या घरात शिरतो, आणि त्यांच्या विनंतीवरून काही दिवस तिथे राहतो.

वाडीवर उंदीर खातात म्हणून मी नाक मुरडले होते. त्या चादरीत काय काय होते हे वाचताना मला माझाच लेख आठवला.

लक्ष्मीबाईंचा प्रामाणिकपणा

आपल्या मराठी मंडळीत याचे एक मोठे उदाहरण आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० मध्ये. मधल्या काळात काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी आपले सोवळे, आपली चूल आणि आपले पाणी वेगळे ठेवले. पुढे स्वतःच विचार करून त्यांनी जातिभेद मनातून काढून टाकला. हे सर्व त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये स्वतःची थट्टा करत सांगितले आहे. आपला पूर्वग्रह त्यांनी झाकला नाही आणि तो गेल्याचा बडेजावही केला नाही. मला वाटते, सेवकाने आपली साक्ष अशीच द्यावी.

राहिलेले अर्धे खरे

आता त्या लेखाची दुरुस्ती. त्या तरुणाने आणि आजीने पुढच्या काही महिन्यांत मला जे समजावले ते थोडक्यात देते.

कातकरी, म्हणजेच काथोडी, हे नाव काथावरून आले. खैराच्या झाडापासून काथ काढणे ही यांची पिढीजात कला. इंग्रजी अमलात जंगलावर सरकारी बंधने आली, खैर तोडणे गुन्हा झाला, आणि कलेसकट पोटाचे साधन गेले. आज महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतात.

मुले शाळेत का नसतात? कारण दिवाळीनंतर वाडी रिकामी होते. पावसाळ्यात काम नसते, तेव्हा घरात धान्य संपते किंवा कोणी आजारी पडते, आणि वीटभट्टीचा किंवा कोळसाभट्टीचा मालक उचल देतो. ती फेडण्यासाठी नवराबायकोची जोडी मुलाबाळांसकट भट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परत येते. हिशेब मालकाच्या वहीत. पुष्कळदा हंगाम संपला तरी उचल फिटलेली नसते, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच जायचे. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ पासून आहे, पण वहीतला आकडा वाचता न येणाऱ्याला त्याचा आधार घेणे अवघड जाते. मी "उद्याचा विचार करत नाहीत" असे लिहिले होते. त्यांचा उद्याचा दिवस आधीच विकलेला होता.

घरे कच्ची का? कारण पुष्कळ वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर वसलेल्या आहेत. घराखालची जागा नावावर नाही, म्हणून घरकुल मंजूर व्हायला अडचण. पक्की भिंत बांधली तर जमीनमालक हरकत घेईल ही भीती.

आणि उंदीर? भाताच्या शेतातला उंदीर भातावरच वाढतो. बीळ खणले की उंदीर मिळतो आणि त्याने साठवलेले भातही मिळते. ज्यांच्या शेतातले पीक त्यामुळे वाचते तेच या लोकांना नावे ठेवतात. त्यात मीही सामील झाले होते.

दारू आहे, हे खरे. तिने घरे मोडतात, हेही खरे. ते मी मागे घेत नाही आणि वाडीतल्या बायाही मागे घेणार नाहीत. पण आमच्या मंडळीतल्या एखाद्या घरात दारू शिरली तर आम्ही त्या माणसाचे नाव घेऊन प्रार्थना करतो. वाडीवर तेच दिसले की आम्ही अख्ख्या जमातीचे नाव घेतो. हा फरक माझ्या कधी लक्षात आला नव्हता.

आता काय बदलले

दुसऱ्या आठवड्यात मी आजीच्या झोपडीपुढे बसले आणि म्हणाले, "आजी, पाणी द्या." तिने तांब्या घासून घेतला आणि मला दिला. काही बोलली नाही. पाणी थंड होते.

पाण्याच्या शुद्धतेचा प्रश्न मात्र खोटा नव्हता. वाडीत जुलाब होतातच. पूर्वी मी माझ्यापुरती बाटली नेत होते. आता क्लोरीनचे थेंब सर्वांच्या हंड्यांत पडतात, जलसंजीवनी त्यांच्याच पाण्यात त्यांच्याच पातेल्यात करून दाखवतो, आणि मी तेच पाणी पिते. बायांनी थेंब नियमाने वापरायला सुरुवात केली ती यानंतर. आधी दोन वर्षे मी बाटलीतले पाणी पीत त्यांना सांगत होते, तेव्हा कोणी ऐकले नव्हते.

पहिल्या पावसात आजीने मला शेवळे दिली. मी घरी नेऊन साधी भाजी केली तर घशाला अशी खाज सुटली की रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी सगळी वाडी हसली. "अगं बाय, काकडं घातलीस का त्यात?" शेवळ्याची खाज मारायला काकडाची आंबट फळे लागतात, हे त्यांच्या लहान पोरीलाही ठाऊक होते. मीच "अज्ञानी" हा शब्द छापला होता. त्या दिवशी तो कोणाला लागू पडतो हे मला बरोबर कळले.

आमच्या कार्यकर्त्यांनी मिळून काही नियम केले आहेत. वाडीविषयी जे लिहू ते छापण्याआधी वाडीत वाचून दाखवायचे. हा लेखही ओट्यावर वाचून झाला आहे, आणि त्या तरुणाने दोन ठिकाणी दुरुस्ती केली आहे. फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. ज्या मुलाचा फोटो आम्ही छापला होता त्याच्या आईची मी माफी मागितली. ती म्हणाली, "त्याला सदरा हाय, ताई. त्या दिवशी धुवून वाळत घातला होता." हे वाक्य मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

अंत्युखियाची आठवण

इथे लेख संपवला असता तर बरे दिसले असते. पण गेल्या वर्षी वाडीवर माझा मोबाइल सापडेना. मी सर्वांसमोर विचारले, "कोणी उचलला का?" सगळे गप्प झाले. बायांनी आपल्या टोपल्या उपड्या करून दाखवल्या. मी मागितले नव्हते तरी दाखवल्या. मोबाइल संध्याकाळी गाडीच्या सीटखाली सापडला.

खालच्या गावात तो हरवला असता तर मी असे विचारले असते का? नसते. पुढच्या फेरीला मी ओट्यावर उभी राहून सर्वांची क्षमा मागितली. आजी म्हणाली, "राहू दे बाय, आम्हाला सवय हाय." क्षमा मिळाली, पण त्या "सवय" शब्दाने मी आजही अस्वस्थ होते.

म्हणून गलतीकरांच्या पत्रातला दुसरा अध्याय मला दिलासा देतो आणि सावधही करतो. कैसरियाला जाऊन आलेला तोच पेत्र पुढे अंत्युखियात परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता. यरुशलेमेहून काही लोक आले तेव्हा त्यांच्या भीतीने तो पंगतीतून मागे सरला. बर्णबासुद्धा त्याच्या मागे गेला. पौलाने सर्वांसमोर त्याला जाब विचारला. एवढा मोठा दृष्टान्त पाहिलेला माणूसही परत फिरू शकतो. पूर्वग्रह एकदा उपटला म्हणून शेत कायमचे स्वच्छ होत नाही. तणासारखा तो दरवर्षी पावसाबरोबर उगवतो, आणि दरवर्षी वाकून खुरपणी करावी लागते. आपल्याला तोंडावर सांगणारा एक पौल प्रत्येक सेवकाजवळ असावा. माझ्यासाठी देवाने एक दहावी शिकलेला तरुण आणि एक निरक्षर आजी दिली आहे.

 या वेळी एक विनंती अधिक करते. आपल्या घरी काम करायला येणाऱ्या, आपल्या दारावरून रानभाजी विकत जाणाऱ्या बाईच्या घरी आपण कधी पाणी मागितले आहे का, याचा विचार करावा.

प्रार्थनेसाठी विषय:

१. दिवाळीनंतर भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांचे आरोग्य, आणि त्यांच्याबरोबर जाणाऱ्या मुलांचे शिक्षण.

२. वाडीच्या घरांखालची जागा रहिवाशांच्या नावावर व्हावी यासाठी चाललेले अर्ज.

३. दारूमुळे त्रासलेली घरे, आणि तिच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या वाडीतल्या बाया.

४. आम्हा कार्यकर्त्यांना ऐकून घेण्याचे मन मिळावे.

प्रभूच्या सेवेत आपली,
एक आरोग्यसेविका